दंडावरची बोटं

हॅलो?… हां, बोल गं. आज भरदुपारी कसा फोन? ऑफिस नाही का?… काय?… हळू बोल, मला कळत नाहीये. थांब, रेडिओ बंद करतो.

हां. सांग आता.

कोणी मारलं?… मी?… ठकीला?

नाही गं. बोटसुद्धा नाही लावलं मी तिला. रविवारी दिवसभर माझ्याकडे होती, संध्याकाळी तू न्यायला आलीस तेव्हा हसत होती की… हो… हो… दोन्ही दंडांवर? चार बोटं आणि अंगठा?… आणि शाळेतल्या बाईंनी आज पाहिलं. बरं… बाईंनी विचारलं, कोणी केलं. मग ठकी काय म्हणाली?

‘आजोबांनी धरलं.’

हं.

नाही, नाही, तिला रागावू नकोस. खोटं बोलत नाहीये ती. धरलं होतं मी. मागच्या भिंतीवर चढून बसली होती, पडेल म्हणून दोन्ही दंडांना धरून खाली उतरवलं… घट्ट नाही गं… अगं ऐक ना. आधी मला एक सांग. खुणा निळ्या आहेत की लाल?… लाल. फोड आलेत?… पाण्याचे?… परवा काहीच नव्हतं, काल लाल झालं आणि आज फोड. असंच ना?

अरे देवा.

अगं, माझ्या हातावरही तेच आहे. मनगटापासून कोपरापर्यंत, चाबूक ओढल्यासारखे पट्टे. सकाळीच डॉक्टरांना दाखवून आलो… सांगतो ना, सांगतो. रविवारी मी मागचं तण काढत होतो. ते नाही का, गाजरासारख्या पानांचं, वर पांढऱ्या फुलांची छत्री असते… हो, तेच, भिंतीला लागून कमरेएवढं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा चीक अंगाला लागला आणि वर ऊन पडलं, की कातडी भाजते. नुसत्या चिकाने काही होत नाही. सावलीत बसलो असतो तर कळलंही नसतं. दोन्ही एकत्र आले की मग दोन दिवसांनी फोड.

नाही, तिने पानाला हात लावला नाही. म्हणून तर सकाळी तिचं माझ्या डोक्यातच आलं नाही… मी शिकवत होतो तिला. हो, शिकवतच होतो, मला दुसरं येतं काय. पान चुरगाळायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि झाड ओळखायचं. तिच्या बोटांनी देठ तुटला नसता, म्हणून सगळी पानं मीच तोडून चुरगाळली. तळवे हिरवेगार झाले होते. तशाच हातांनी तिला उतरवलं, आणि मग तासभर उन्हात खेळू दिलं. बिनबाह्यांचा फ्रॉक होता… तळव्यांना माझ्या काही नाही झालं, तिथली कातडी जाड असते. म्हाताऱ्याचे तळवे शाबूत, आणि पोरीचे दंड…

काय?… नाही, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं असं नाही. याला आहे, म्हणून देतोय.

हो… आठवतं.

चौथीत होतीस. भागाकार… हो, दंडच. डावा. धरून हलवलं होतं तुला… हलवलं आणि मारलंही. बरोबर आहे तुझं. दुसऱ्या दिवशी थंडी नसताना आईने तुला स्वेटर घालून शाळेत पाठवलं… नाही. आईला नको दोष देऊस. घाल म्हणून मीच सांगितलं होतं.

ऐकतोय… बोल तू.

…

डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. उद्या शाळेत येऊन बाईंना दाखवतो, म्हणजे तुझ्यावर… कागदासाठी फोन नाही केलास? मग?… चिकाचं पटलंय तुला. पण बाईंनी ती बोटं दाखवल्यावर तुला आश्चर्यच नाही वाटलं… हं… नाही वाटणार. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं.

बरं… एकटीला नाही ठेवणार माझ्याकडे… तू बरोबर असलीस तरच. बरं… नाही गं, वाद घालत नाहीये. तुझ्या जागी मी असतो तर मीही नसती ठेवली.

आज संध्याकाळीच तिला डॉक्टरांकडे ने. फोड फोडू नका. गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेव, आणि उन्हात अजिबात सोडू नकोस. नंतर तपकिरी डाग पडतील, काही महिने राहतील म्हणाले. जातात… हो, महिने.

जवळच आहे ती?… सगळं ऐकत होती?… दे, दे तिला.

ठके… हो, मीच. दुखतंय?… माझंही दुखतंय. आपल्या दोघांना त्या पांढऱ्या छत्रीवाल्याने भाजलं बघ… नाही गं, तू काही चुकली नाहीस. बाईंनी विचारलं, तू खरं सांगितलंस. असंच सांगायचं… आजोबांचं नाव घ्यावं लागलं तरी… रविवारी? ते आई ठरवेल… मला माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही.

काय विचारलंस?

…

हो. मारलं होतं मी तुझ्या आईला… तुझ्यापेक्षा थोडी मोठी होती… भागाकार चुकला म्हणून… नाही, येतो आता तिला, माझ्यापेक्षा चांगला येतो… हो, रडली होती. आवाज न करता.

माफी?

नाही मागितली… तेव्हा नाही, नंतरही नाही… का म्हणजे… मला वाटलं, विसरली असेल ती.

आत्ता?… आहे का ती तिथेच?… बरं. फोन दे तिच्याकडे. दे, बाळा.

हॅलो?… अगं… ऐक ना…

हॅलो?