सविताचं वल्हं

आमच्या मामांच्या मोटारबोटीत तुम्ही कधी बसलात का? नसाल, तर वाचलात. लाकडी बोट आणि इंजिन मामांच्या लग्नाच्याही आधीचं. त्यांच्या मुलीला, सविताला एक स्थळ आलं होतं, वेळवंडी नदीवरच्या धरणापलीकडच्या गावातलं. टेम्पोनं तासाभरात पोचलो असतो, पण मामांना रुबाब दाखवायचा होता. सकाळीच धरणाच्या पाण्यात बोट सोडली.

मधोमध इंजिन बंद पडलं. मामा म्हणाले, "सविता, तू साडी संबाळ. हालू नगंस."

सवितानं पदर खोचला, वल्हं उचललं आणि दुपारपर्यंत वल्हवत आम्हा दोघांना काठाला नेलं. तिथं मुलाकडची मंडळी ताटकळत उभी होती.

मामा घाईघाईनं म्हणाले, "पोरगी तशी लई नाजूक हाय बरं का!"

सवितानं थेट मुलालाच विचारलं, "वल्हवता येतं का तुमाला?"

"न्हाई."

"मग शिका. सांच्याला आमाला परत सोडायला तुमालाच यायचंय."

स्थळ गेलं म्हणून मामांचा चेहरा पडला. मुलगा मात्र पॅन्ट दुमडून बोटीत चढला आणि वल्हं उलटं धरून बसला.

त्याची आई म्हणाली, "असू द्या. सरळ करंल ती त्याला."