न उघडलेलं पान

मंडळी, सरळ विचारतो. समोरच्याला काही कळत नाहीये, आपण बोललो नाही तर जन्मात कळणार नाही — तेव्हा खरं बोलायचं कशाला? ... बघा, पुढच्या रांगेतले दुकानदार लगेच खाली बघायला लागले!

ऐका तर. सांगलीत चारुशीलाबाई पेंढारकरांचं चहापत्तीचं दुकान. आसामची पत्ती बाई नुसत्या वासावर ओळखायच्या! त्यांना कुणीतरी चीनचा भाजलेला ऊलाँग पाजला. ऊलाँग म्हणजे काय? हिरवा चहा नव्हे, आपला काळाही नव्हे — मधला. आणि तो वर निखाऱ्यावर भाजलेला! बाई म्हणाल्या, "घ्यायचा तर जिथं भाजतात तिथंच जाऊन." आणि निघाल्या की थेट चीनला!

डोंगरातलं गाव. लिन नावाचे म्हातारे गृहस्थ; चहा भाजण्यात उभा जन्म गेलेला. त्यांची मुलगी मेई. बाईंना चिनी येईना, आजोबांना इंग्रजी येईना, म्हणून मेई दुभाषी. बाईंनी डब्यातला चहा हातात घेतला. काळंभोर पान, खमंग वास! म्हणाल्या, "वा! हा सगळाच घेते."

आजोबा मुलीला म्हणाले, "सांग त्यांना. यंदाचा चहा जळलाय."

मेईनं मान खाली घातली! का? अहो, राखेखाली मंद निखारा, वर बांबूच्या टोपल्या, टोपल्यांत चहा — अधूनमधून उतरवून हलवायचा, नाहीतर गेला. आजोबा दुपारी जेवायला गेले, मेईला राखणीला बसवून. आणि मेई? मोबाईलवर बोलत बसली! हसू नका, तुमच्याही खिशात तेच आहे. वर्षाचा चहा करपला!

मेई बाईंकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "बाबा म्हणतात, यंदाचा चहा फार उत्तम आहे."

बाई खूश होऊन हसल्या; आसामच्या पत्तीला सरावलेल्या नाकाला भाजलेलं नि करपलेलं यातला फरक कुठला कळायला! आजोबांनी ते हसू पाहिलं — आणि ओळखलं! माल जळलाय हे ऐकून कुणी असं हसतं का हो?

पोरीला रागावले नाहीत. उठले. दोन चिमुकल्या किटल्या मांडल्या. एकीत यंदाचा चहा, दुसरीत घरासाठी राखलेला गेल्या वर्षीचा. पान भरपूर, पाणी खळखळतं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत ओतून मोकळे! दूध नाही, साखर नाही, आलं बिचारं दाराबाहेर उभं!

बाई यंदाचा प्यायल्या. कडू — कोळसा चावल्यासारखा. मग गेल्या वर्षीचा. भाजल्याचा वास आला, मागून गोडवा आला, आणि घशात रेंगाळत राहिला. आजोबांनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा ओतलं. चार-पाच वेळा. मग दोन्ही किटल्यांतली पानं बशीत उपडी केली. गेल्या वर्षीचं पान मऊ होऊन छान उलगडलेलं. यंदाचं? तसंच आखडलेलं, काळं, कडक! आजोबांनी ते बोटांत चुरडलं आणि नुसती मान हलवली.

एक शब्द नाही, मंडळी! आपल्याच हातानं गिऱ्हाइकाला पारख शिकवली, आणि आपलाच माल नापास केला!

मेईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाई, मी खोटं सांगितलं. माझ्याच हातून जळला."

बाईंनी बशी बाजूला सारली. चिडल्या होत्या! एवढा प्रवास, आणि रिकाम्या हातानं परत जायचं. मग आजोबांकडे बघितलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग — आणि या वेळी नीट सांग! पुढच्या वर्षीचा चहा माझा. न चाखता घेईन."

मेईनं शब्दन् शब्द सांगितला. आजोबा ताडकन म्हणाले, "न चाखता? मुळीच नाही! चाखूनच घ्या. मी किती दिवसांचा? उद्या भट्टीवर ही बसणार. हिला तुमच्या जिभेचा धाक हवा!"

पुढच्या वर्षी बाई पुन्हा गेल्या. चहा मेईनं एकटीनं भाजला होता. बाई कप तोंडाला लावेपर्यंत पोरीनं श्वास रोखून धरलेला! बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि दुसरा कप पुढं केला.

आता तुमच्याकडे वळतो, सुटका नाही! डॉक्टर, पेशंटला औषधातलं काय कळतं? गवंडीदादा, प्लास्टरच्या आत कोण बघणार? मास्तर, पोरांना काय ठाऊक तुम्ही काय गाळलंत? आणि मी — माझं चुकलं तर तुम्ही माना डोलावणारच! जिथं आपल्याला धरणारं कुणी नाही, ती एक जागा ज्यानं-त्यानं मनातल्या मनात आठवा. आठवली? उद्या सकाळी तिथं खरं बोलायचं. कबूल असेल त्यानंच आता हात वर करून देवाचं नाव घ्यावं — बाकीच्यांनी नुसती टाळी वाजवली तरी चालेल!