मुकी पट्टी

जुनी यंत्रं ओळखणारा कोड अडगळ म्हणून सिस्टिममधून काढला म्हणून ऑफिसात प्रोग्रामरची पाठ थोपटली गेली होती. आज दुरुस्तीच्या दुकानात रांगेतल्या पुढच्या बाईंचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

"बाबांना दिसत नाही हो. स्क्रीनवरची अक्षरं या पट्टीवर ठिपके होऊन उठतात, ती ते बोटांनी वाचतात. अपडेटनंतर पट्टी मुकीच झाली."

"पट्टी ठणठणीत आहे, ताई. सिस्टिमनेच तिला ओळखणं सोडलंय."

"न विचारता?"

"विचारलं की! कॉम्प्युटर सुरू होताना वर्षभर सूचना यायची, 'जुनी यंत्रं वापरत असाल तर कळवा.' कोणी हूं की चूं केलं नाही."

"अहो, सुरू होताना पट्टी कुठे चालते? ती नंतर जागी होते."

बाई मागे वळल्या. "तुम्हाला यातलं काही कळतं का हो?"

"छे," प्रोग्रामर म्हणाला. "मला नाही कळत."