काळ्या प्लास्टिकचं दुसरं टोक

नाही हो पाहुणे, असं नाही, चिमटीत धरलंत तर वाऱ्यानं सुटेल — मुठीत घ्या, दोन्ही मुठींत, हां, आणि माझ्या डोक्याच्या वर. उंच आहात म्हणून तर तुम्हाला हाक मारली, नाहीतर सकाळपासून दहा पाहुणे गेले ह्या दारावरून, मी सुईतून मान वर केली नाही. दोन मिनिटांचं काम आहे. दरवर्षी दुसरं टोक कोन्चेसी धरते, शेजारीण माझी — यंदा तिचा खुबा मोडला, इस्पितळात पडून आहे, आणि तिथून मला निरोप पाठवते, प्लास्टिक ढिलं सोडू नकोस म्हणून! तिला काय वाटतं, मी कधी ढिलं सोडलंय? काय बघायचं विचारत होता ना तुम्ही? सांगते की. सगळं सांगते. हात खाली नका करू.

किल्ला बघा, वरच्या चौकातला. बाहेरून तोफगोळ्यांनी खरवडलेल्या भिंती, आत आता हॉटेल — कॉफी मागवली की अंगणात बसू देतात, आम्ही गावातलेही तेवढ्यासाठीच जातो. मग वेशीतून खाली कोळीवाड्यात उतरा, हिरव्या-निळ्या सज्ज्यांचा रस्ता आहे, तिथं उभ्याउभ्या खायचं, टेबल शोधत बसायचं नाही. माशाचं सूप घ्या. हेक माशाच्या गळ्याखालचं मऊ मांस मिळालं तर सोडू नका, आणि चाकोली वाइन उंचावरून ओततील तेव्हा घाबरून पेला मागे घेऊ नका, खाडीपलीकडचे फ्रेंच घेतात तसा. दीपगृहापर्यंत चालत जा, पाय दुखेतो. टेकडीवरच्या देवीच्या देवळात जा — पण आज नको, आज आठ सप्टेंबर, आज सगळं गाव तिथंच चढणार. आज तर ह्या रस्त्यावर थांबूच नका तुम्ही. अहो, आत्ता कुठं निघालात! टोक धरून झाल्यावर.

बोट? समोरच्या काठाची? हो, जाते की, धक्क्यावरून, आठ-दहा मिनिटांत फ्रान्स. तिथं काय आहे? वाळू आहे. वाळू इथंही आहे. नका जाऊ. मी? मी कशाला जाईन — तेवीस वर्षांत गेले नाही, माझं काय अडलंय तिथं? माझ्या खिडकीतून सगळं दिसतं, त्यांच्याकडं कुणी पडदे धुतले तरी दिसतं. डावीकडचं तिसरं घर, तांबड्या दाराचं, ते दर शनिवारी धुतात. ते जाऊ दे.

हे कशासाठी म्हणजे? तुम्ही काही वाचून येता की नाही घरून? फ्रेंचांनी एकोणसत्तर दिवस वेढा दिला होता आम्हाला, लोकांनी देवीला नवस बोलला — पावणेचारशे वर्षांच्या वर झाली, दरवर्षी ह्या दिवशी मिरवणूक काढून अजून फेडतोय. बंदुका, ढोल, बासऱ्या, लाल टोप्या, आळीआळीची कंपनी, म्हणजे तुकडी. पुरुषांची. आणि प्रत्येक कंपनीपुढं एक बाई, एकच, हातात पंखा घेऊन. आत आरशाच्या वर फोटो आहे बघा — मान वळवा, हात नको — कोण वाटते? मीच. एकाहत्तर साल. अख्ख्या कोळीवाड्यातून एक मुलगी निवडतात पाहुणे, आणि ती मी होते! ह्या दगडांवरून चालले तेव्हा म्हातारे रडत होते. आणि मग गावातल्याच काही बाया निघाल्या — आम्हालाही बासरी द्या, आम्हालाही बंदूक द्या. मग माझ्या पंख्याची किंमत काय राहिली? सांगा ना. तर त्यांनी आपली वेगळी कंपनी काढली, बाया-पुरुष मिसळून, ती येते सगळ्यांच्या आधी, पावणेनऊला. ती आली की आपण हे वर धरायचं. शिव्या नाही द्यायच्या, दगड नाही मारायचे, आम्ही काही रानटी नाही. फक्त बघायचं नाही. इथून वर चौकापर्यंत रस्ता काळा होतो. पट्ट्या मीच कापते सगळ्यांच्या — कापायचं टेबल माझंच लांब ना, शिंपिणीचं. किती वाजले? साडेआठ? तुमचं घड्याळ मागे आहे.

कोण म्हणालं माझं कुणी आहे त्यांच्यात? मी म्हणाले? मी पडद्यांचं म्हणाले. … बरं. मुलगी होती. आहे. नेकाने. बावीस वर्षांची होती तेव्हा, बासरी मीच शिकवलेली, स्वयंपाकघरात, पातेल्यावर पळीनं ठेका धरून. पहिल्या वर्षी ती त्यांच्यात निघाली आणि मी इथं — इथंच, ह्याच उंबऱ्यावर — हे वर धरलं. सगळे धरत होते. कोन्चेसी दुसऱ्या टोकाला. पलीकडून आवाज आला, "आई." एवढंच. ओरडून नाही हो, जेवायला वाढलंस का विचारावं तसं. मी आणखी वर धरलं. मग बासऱ्यांमधली एक बासरी बंद पडली, मला कळतं, कितीही बासऱ्या असू देत. मला वाटलं, संध्याकाळी येईल जेवायला. तिच्यासाठी माखूळ केले होते, त्यांच्याच शाईत शिजवलेले, तिला तसेच आवडतात. दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन बोटीत बसली. मी ते कालवण तीन दिवस गरम करत राहिले. चुकलं माझं, पण कुणाला सांगू? ह्या रस्त्यावर?

हात दुखतात? माझे नाही दुखत? धरा.

आणि आता जुलैत काय झालं — पलीकडच्या काठावरची पाववाली एदुर्ने आली, मिरवणुकीच्या जॅकेटचं काळं कापड घेऊन आणि कागदावर मापं. भाच्यासाठी जॅकेट, म्हणाली. भाच्यासाठी! मी मापं बघितली — आणि डावा खांदा बोटभर खाली. पाहुणे, तो खांदा आमच्या घरातला आहे. माझ्या आईचा तसा, माझा तसा, नेकानेचा तसा. मी नुसतं विचारलं, भाच्याचं नाव काय, तर एदुर्ने बोलून गेली, हाइसेआ — मुलीचं नाव! — आणि जीभ चावली. नात माझी. सतराची असेल. त्या मिसळलेल्या कंपनीसाठी गावातली एकही शिंपीण टाका घालत नाही, ठरलेलं आहे आमचं, आणि ठरवणारी कोण? मीच. बैठकीत उभी राहून. तरी मी शिवलं. डाव्या खांद्यात बोटभर गादी भरली, म्हणजे दिसायला सरळ दिसेल. वरचं बटण दुहेरी दोऱ्यानं टाचलं. भाच्याचंच आहे, भाच्याचंच आहे म्हणत शिवलं. तुम्ही उद्या निघून जाल म्हणून बोलले हो, नाहीतर हे कोन्चेसीलासुद्धा माहीत नाही.

श्श. ऐकू येतंय? वेशीपाशी वळले. वर — अजून वर — समोरून बिशेन्ते बघतोय, त्याची पट्टी बघा कशी ताठ आहे, मेला दरवर्षी आधी उभा राहतो. बोलू नका. बासऱ्या. … एक सूर थोडा मागे राहतोय. नवी आहे कुणीतरी. पाहुणे, तुम्हाला वरून दिसतंय ना? मला काही दिसत नाही, काळं दिसतंय. सांगा ना! बासरीवाल्या मुली कितव्या रांगेत? तिसऱ्या? टोपी काय सांगता, टोप्या सगळ्यांच्या लाल — खांदे सांगा. सरळ? दोन्ही सरळ? मग ती नाही. मग ती नाहीच … थांबा, काय बोलतेय मी, सरळच असणार, गादी मीच भरलीय! वरचं बटण बघा. काय? उघडं आहे?

सोडा. सोडा म्हणते ना टोक! — गप रे बिशेन्ते, माझ्या दारात मी काय करायचं ते तू नको सांगूस! — बाजूला व्हा पाहुणे, दिसू द्या. अगं ए! हाइसेआ! ए पोरी! वरचं बटण! बटण लाव वरचं, दुहेरी दोऱ्यानं टाचलंय मी ते, लाव!

…

लावलं. बघितलंत? बासरी काखेत धरून, चालता चालता लावलं.

तुम्ही अजून इथंच? जा आता. ते प्लास्टिक पडू दे तिथंच, तुडवू दे लोकांना. दुकान बंद आहे — जा म्हणते ना.