काळ्याचं काळीज

नांदुऱ्याच्या दवाखान्यात माझ्या पुढं वरवट बकालहून बैलांच्या दमणीनं आलेली एक बाई होती. कडेवर लुगड्यात गुंडाळलेलं तान्हं पोर, आणि बोट धरून सातआठ वर्षांची कोकिळा.

“माय, शालिग्रामाले माह्याजवळ दे ना. तुहा हात दुखला असन.”

“राहू दे. निजला तो.”

“गुरुजीनं सांगतलं, काळीज अंगभर रगत ढकलते. म्या आपल्या काळ्या कुत्र्याले आंगणभर पळवलं अन् त्याच्या छातीले कान लावला. कसं धडधड पळत होतं!”

“हाव वं.”

“मंग तो निजला, तं हळू चाललं. पण थांबलं नाही. निजल्यावर थांबत नाही, माय.”

“बरं.”

“याच्या छातीले लावू दे कान.”

“नको.”

“एकच डाव... माय, काहीच आयकू येत नाही.”

“तुले समजत नसन.”

“काळ्याचं समजते. तू लावून पाह्य ना.”

“म्या लावला होता. अर्ध्या वाटेत, दमणीतच.”

“मंग तिथूनच घरी काऊन नाही गेलो?”

“घरी गेलो का त्याले माह्याजवळून नेतीन. सरक पुढं, रांग हालली.”