डॅन्याचे कान

नाही हो, तो नाही बसायचा. मी बसले म्हणून त्यानेही बसावं, असं काही नसतं त्याचं. ट्रेनर लावला होता ना — माझ्या मुलाने, नितेशने — चार रविवार आला आणि पाचव्याला म्हणतो, आंटी, ये नहीं सीखेगा, इसमें वो खून नहीं है. खून नहीं है म्हणे! मेल्या, बस म्हटल्यावर बसायला खून कशाला लागतं? आमच्या ह्यांना पस्तीस वर्षं सांगतेय, बाहेरून आलात की पाय धुवा — ते कुठे शिकले? द्या, फॉर्म द्या इकडे. पेन आहे माझ्याकडे. भांडुपहून आलेय मी. दोन रिक्षावाले ह्याला बघूनच पळाले, तिसऱ्याने चेकनाक्यापर्यंत आणलं आणि आत गल्लीत येणार नाही म्हणाला, तिथून चालत आलो दोघं, एवढ्या उन्हाचे. कुत्रा सोडायला कोण एवढ्या लांब दहिसरला तुमच्या संस्थेत येतं, असं वाटत असेल ना तुम्हाला? वाटू दे.

नाव — डॅनी. डॅन्या म्हणते मी. वय — गणपतीत दीड वर्ष पूर्ण होईल. पुढे काय — ब्रीड. घ्या. आलंच. इथेसुद्धा आलंच! अहो दादा, बाहेर भिंतीवर केवढं मोठं रंगवलंय तुम्ही, सगळे जीव सारखे, आणि आत फॉर्मवर तिसऱ्या ओळीत ब्रीड? काय लिहू? गावठी लिहू? का इंडी म्हणायचं असतं आता? आमच्या बिल्डिंगमधली ती शर्मिष्ठा म्हणते, इंडी — अशी मान वाकडी करून — ओऽ, इंडी आहे, सो स्वीट. शिरा पडो तिच्या तोंडार. हे बघा, हे सर्टिफिकेट. आणलंय मी. वाचा. लॅब्राडोर. शिक्का आहे, आईबापाची नावं आहेत, आजोबाचंसुद्धा आहे. माझ्या आजोबांचं नाव कुठल्या कागदावर नसेल, पण ह्याच्या आहे. आणि आता ह्याच्याकडे बघा. हसा, हसा, दाबून ठेवू नका. सगळे हसलेत.

कानाला? कानाला काही नाही हो. खाजवून खाजवून झालंय. जुनी जखम आहे लिहा.

पाणी? मला नको, त्याला द्या. — तर ही शर्मिष्ठा. सांगतेच तुम्हाला, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाई आली आणि कुत्रा टाकून गेली. आमची चाळ होती भांडुपला. ती पाडून तिथेच टॉवर झाला. सातव्या मजल्यापर्यंत आम्ही चाळीतले, आठव्यापासून वर सगळे विकत घेऊन आलेले. लिफ्ट सगळ्यांची एकच. पार्किंगच्या डोक्यावर बाग केलीय, तिला पोडियम म्हणायचं, आणि तिथे संध्याकाळी साडेसहाला वरचे सगळे आपापले कुत्रे घेऊन उतरतात. शर्मिष्ठा चोविसाव्या मजल्यावरची, तिचा गोल्डन रिट्रीव्हर. देवव्रत म्हणून एक आहे, त्याचा बीगल. क्लब आहे त्यांचा. कुत्र्यांचे वाढदिवस करतात, केक आणतात, केकवर हाडाचं चित्र. आणि आम्ही खालच्या बायका कठड्याला टेकून ते बघायचो. दोन वर्षं एका लिफ्टमधून वरखाली करतोय, पण माझ्याकडे बघून कुणाची मान हलली नाही हो. कोण राहतं सातव्यावर, जिवंत आहेत का मेली, कुणाला पडली नव्हती. आणि ज्या दिवशी नितेश हे पिल्लू घेऊन आला ना — एवढंसं, पिवळं, पोट जमिनीला लागायचं — त्या दिवशी ती बाई लिफ्टमध्ये गुडघ्यांवर बसली. ह्याच्यासमोर. लॅब ना? म्हणाली. मी म्हटलं, हो, सर्टिफिकेटवाला. तर म्हणते, काकू, उद्या घेऊन या ना पोडियमवर. काकू! नाव विचारलं तिने माझं. मी म्हटलं, रुक्मिणी धुरी. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात कसे, ‘तिना कुत्र्याक इचारल्यान गो, तुका नाय.’ आमचे हे असेच. काही गोड वाटू देतील तर शपथ.

पण मी गेले. रोज गेले. त्यांच्या घोळक्यात बसायला लागले, बाकड्यावर, कठड्याला टेकून नाही. आमच्या चाळीतल्या बायका लांबून बघायच्या, ती जयंती तर म्हणाली, रुक्मे, तू तर वरची झालीस. मी काय बोलले असेन? हसले. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू? जन्मभर कुणाच्या तरी मागे उभं राहायचं, शाळेत मागे, रेशनला मागे — एक कुत्रा बगलेत घेतला आणि लोक सरकून जागा द्यायला लागले.

आणि मग पाचव्या महिन्यात ह्याचा डावा कान उभा राहिला. सकाळी उठून बघते तर ताठ! मी म्हटलं, झोपेत मुडपला असेल. चार दिवसांनी उजवा. शेपूट वर वळायला लागली, जिलबी घातल्यासारखी. पाय लांब, पोट खपाटीला, तोंड निमुळतं — रोज आंघोळ घालताना मी बघायची आणि रोज ते सर्टिफिकेट काढून वाचायची. तो देवव्रत एकदा म्हणाला, काकू, लॅबचे कान पडलेले असतात. मी म्हटलं, पडतील, वाढतं वय आहे. तोंडावर म्हटलं! घाबरते की काय मी त्याला! नितेशला फोन केला, तर तो म्हणतो, आई, फसवलं आपल्याला, जाऊ दे ना, कुत्रा तर कुत्रा आहे. ह्याचं बरंय, हा पुण्याला नोकरीला, पोडियमवर मला जायचंय. आणि हे तर काय, दुपारी जेवून उठले की डॅन्या ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून झोपणार, ह्यांना कान उभे काय, पडलेले काय. ह्यांच्या गावच्या घरी काळ्या म्हणून कुत्रा होता म्हणे, चौदा वर्षं जगला, त्याला कुणी विचारलं नाही तू कोण म्हणून. उरलेली भाकरी टाकली की तो आपला झाला.

मग सव्वीस जानेवारीला ह्या क्लबने काढला डॉग शो. पोडियमवर मांडव, बक्षिसं, बाहेरून एक जज बोलावलेला, कोट घालून. मी ह्याला सकाळी शाम्पू केला, नवा पट्टा घातला. आमच्या खालच्या मजल्यांवरची पोरंटोरं सगळी आलेली, डॅनी डॅनी ओरडत होती. आमचा नंबर आला. जज वाकला, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, मग कान हातात घेतला — आणि थांबला. बोटाला चिकटलं त्याच्या. असं बोटाला बोट लावून बघत राहिला. — काय म्हणजे? डिंक. चिकटपट्टीचा.

हो. लावत होते. बघू नका असं माझ्याकडे. दोन महिने लावत होते. रात्री... रात्री नाही, दिवसाही, घरात असला की. कान खाली दुमडायचा आणि पट्टी मारायची, म्हणजे वळण पडेल. केसांना नाही का आपण चाप लावून ठेवत? कुणी सांगितलं नाही, मीच मनाने केलं. तो काही करायचा नाही हो. भुंकला नाही, चावला नाही, पायाने काढायला बघायचा, मी ओरडले की पाय खाली. काढताना केस निघायचे. मग चिघळला डावा, पू झाला. ते खाजवून नाही झालेलं. लिहा काय लिहायचं ते.

तर त्या दिवशी सकाळी काढल्या होत्या पट्ट्या, स्पिरिटने पुसला होता कान, तरी राहिलाच डिंक. आणि जजने हात सोडला तसा तो कान हळूहळू वर आला. सगळ्यांसमोर. मांडवात जे हसले ना — सगळे हसले. आमची खालची पोरंही हसली. आणि ती शर्मिष्ठा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, काकू, तसं सांगायचं ना, ॲडॉप्ट केलाय म्हणून, आम्ही कौतुकच केलं असतं. बघा, बघा हं कसं आहे! तिने रस्त्यावरचा उचलला असता तर तिचं मन मोठं. मी विकत आणून फसले तर मी येडपट. तिच्या घरात मिक्स कुत्रा आला की ती दयाळू, आणि आमच्या घरात आला की — ह्यांच्याकडे असलाच असणार! बोलली नाही ती तसं. ह्या बायका बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात लिफ्टच्या बाजूला कागद लागला, पोडियमवर फक्त नोंदणी केलेल्या ब्रीडचे कुत्रे, स्वच्छतेसाठी. स्वच्छतेसाठी! तिचा तो गोल्डन झुडपात कुठे कुठे पाय वर करतो ते मला माहितीये.

मग? मग घरी ठेवा ना, पोडियम गेला खड्ड्यात — असंच म्हणणार ना तुम्ही? बरोबर आहे. हेही तेच म्हणाले. तेवढ्यासाठी नाही आणला मी ह्याला इथे. तेवढ्यासाठी कोण आणतं?

गेल्या रविवारी — ही दुपारचीच वेळ — मी दळण घेऊन खाली लिफ्टसमोर उभी. शर्मिष्ठा तिच्याकडच्या पाहुण्यांना घेऊन आली, चांगली मोठी माणसं, साड्या, अत्तराचा वास. आणि घरचं दार उघडं राहिलं असणार, हा जिना उतरून आला सात मजले, गळ्यात पट्टा नाही, काही नाही, आणि येऊन माझ्या पायाशी उभा. पाहुण्यांतली एक किंचाळली. नवीन वॉचमन आलाय, सहदेव, तो धावत आला. चांगला मुलगा आहे, त्याला काय माहीत? मला विचारतो, मावशी, तुमचा आहे काय हा? शर्मिष्ठा तिथेच. तिला तर माहीत होतं कुणाचा आहे ते. बघत राहिली माझ्याकडे, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, नाही.

आमचा नाही म्हटलं. बाहेरचा असेल.

दोन मारल्या त्याने काठीच्या. एक पाठीत, एक पायावर. हा केकाटला, पण पळाला नाही. माझ्याच मागे लपायला बघत होता हो, माझ्या साडीच्या मागे! आणि मी सरकले. बाजूला सरकले मी. लिफ्ट आली, मी त्या लोकांबरोबर आत चढले, शर्मिष्ठाने माझ्यासाठी सातचं बटण दाबलं. पहिल्यांदाच दाबलं तिने माझं बटण. अर्ध्या तासाने दारावर नखं वाजली. सात मजले लंगडत चढून आला. मला वाटलं, माझ्याकडे बघणार नाही. बघितलं. शेपूट हलवली मेल्याने. माझ्याच हातून दूधभात खाल्ला, चाटूनपुसून. राग धरावा ना जरा! माणसाने एक दिवस तरी तोंड फिरवलं असतं. आठ दिवस झाले, मला घरात ह्याच्यासमोर उभं राहवत नाही. हा बघतो आणि मी ताट घेऊन ओट्याकडे तोंड करून जेवते.

म्हणून दहिसर. मुलुंडला जवळ होती एक संस्था, पण तिथून हा वास काढत परत आला असता. हे दुपारचे झोपलेत, तेवढ्यात निघाले. गेल्यावर सांगणार, पट्टा तुटला, पळाला. ह्यांचे पाय मोकळे दिसतील दुपारी... ते बघू. सवय होईल. द्या, सही कुठे करायची? इथे? थांबा, वाचू दे. ‘सदर कुत्रा माझ्या स्वतःच्या मालकीचा असून —’

हे असंच लिहिलेलं असतं का सगळ्यांना?

नाही, करते सही. करते म्हटलं ना. चष्मा कुठे गेला माझा — डॅन्या, काय झालं? डॅन्या! टेबलाखाली काय शिरतोस? अहो, मुतला हा. कधी नाही असं करत, घरात एकदा नाही केलं आजवर, काय झालं ह्याला — ओ! ओ दादा, तो तुमचा माणूस दारात काय घेऊन उभाय? काठी कशाला? कुणाला हाकलायला? ती खाली ठेवायला सांगा आधी. खाली ठेव म्हटलं! तू पुढे येऊ नकोस. हात लावायचा नाही त्याला. लाव तर हात, बघतेच मी! कुणाचा म्हणजे? माझा! माझा आहे तो. रुक्मिणी धुरीचा. ये रे, ये बाहेर, कोण नाही मारत. ये बाळा. माझ्या मागे ये. मी नाही सरकत.

घ्या हा तुमचा फॉर्म. फरशी पुसून देऊ का? नको तर राहू दे. आणि ते सर्टिफिकेट पण ठेवा, द्या कुणाला हवं असेल त्याला. सोडा मला, उशीर होतोय, हे उठतील आता, चहा टाकायचाय. आज लिफ्टने जाणार आहोत आम्ही. सातचंच नाही, सगळी बटणं दाबणार आहे मी, चोविसाव्यापर्यंतची. प्रत्येक मजल्यावर दार उघडू दे. चल रे डॅन्या. कान वर कर.