कुणाला लागतं का?

लॅबच्या बाकावर निवृत्त कॅशियर आपल्या रिपोर्टची वाट बघत ताटकळले होते. शेजारी लॅबचा कॉम्प्युटरवाला बहिणीपुढे लॅपटॉप धरून बसला होता.

“ताई, तू फुकटात सांभाळायचीस ते सॉफ्टवेअर पॅकेज सिस्टिममधून गेलं. माझा प्रोग्राम रिपोर्टच छापेना.”

“मी सांभाळायचं सोडलं, म्हणून काढलं सिस्टिमवाल्यांनी. कुणाला लागतं का, असं आधी विचारलं होतं की.”

“मला लागत होतं ना!”

“मग ‘हे पॅकेज लागतं’ असं तुझ्या प्रोग्राममध्ये लिहिलं का नाहीस?”

“माझ्या मशीनवर ते पहिल्यापासूनच होतं गं. लक्षातच आलं नाही.”

“बाबांचं दुखणंही माझ्याकडे पहिल्यापासूनच आहे.”

“आता ते कशाला मध्ये?”

“आण इकडे, बघते मी. तू घरी जा, बाबांच्या गोळीची वेळ झाली.”

“कुठली गोळी?”